सुई प्रतिकारशक्ती वाढवत नाही, आवरते

अ‍ॅक्युपंक्चरचा प्रतिकारशक्तीवर जो परिणाम प्रयोगांत दिसला आहे, तो मज्जासंस्थेमार्फत होतो आणि तो प्रामुख्याने आवर घालण्याचा आहे. बारामती तालुक्यातल्या लोणी भापकर गावात मोबाइलांवर या आठवड्यात फिरलेला ‘सुई टोचा, इम्युनिटी वाढवा’ हा संदेश नेमका इथेच चुकतो. आमवातात सांधे सुजतात ते प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून नव्हे, ती आपल्याच सांध्यांवर उठते म्हणून. तिथे आणखी वाढवून काय साधणार?

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बोट, तिथे चिनी वैद्यकातला ‘झूसानली’ बिंदू येतो. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या च्योफू मा यांच्या गटाने उंदरांना जिवाणूंचे विष टोचून अंगभर दाह, म्हणजे प्रतिकारशक्तीचा उद्रेक, उठवला आणि मागच्या पायातल्या या बिंदूला सुईतून ०.५ मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह दिला. संदेश मेंदूच्या बुंध्याशी पोचला, तिथून व्हेगस या मज्जातंतूवाटे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथीकडे गेला. ग्रंथीतून सुटलेल्या द्रव्यांनी दाह उतरला. तेवढाच प्रवाह पोटावरच्या बिंदूला दिला, तेव्हा ही वाट जागी झालीच नाही. कारण २०२१ मध्ये उलगडले : पायाच्या खोल आवरणांत जाणारे विशिष्ट संवेदी तंतू पोटाच्या आवरणात नसतात. त्या तंतूंच्या पेशी काढून टाकल्या की पायातली सुईही निकामी ठरते. पोटाला जोरदार प्रवाह दिला तर वेगळीच वाट उघडते. दाह उठण्याआधी दिला तर तो दबला, उठल्यावर दिला तर आणखी भडकला. जागा, जोर आणि वेळ, तिन्ही जुळावे लागतात.

आपल्याकडे बिब्ब्याचा डागही जागा पाहूनच देत. त्या जुन्या हातांना अशीच एखादी वाट गवसली असावी, असे या स्तंभाला वाटते. पुरावा मात्र नाही.

सुईचे हे सारे प्रयोग उंदरांतले. माणसांत इतका स्पष्ट माग अजून लागलेला नाही; तरी सुईची विद्या आपल्याकडे आहेच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी पुढे ही विद्या भारतात आणली. महाराष्ट्रात तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे.

सुई प्रतिकारशक्ती वाढवत नाही, तेव्हा ताप असेल, जखम चिघळली असेल, तर बारामतीचे सरकारी रुग्णालय गाठावे. सांध्यांसाठी सुई घ्यायचीच असेल, तर परिषदेची नोंदणी विचारावी, नव्या सुईचे पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावावे आणि मगच पाय पुढे करावा.