रहस्यकथेतल्या बाईचं म्हणणं

मी काही समीक्षक नाही. दिवसभर तक्रारी ऐकून, अर्ज लिहून घरी आलं की झोप लागेपर्यंत काहीतरी वाचायला हवं असतं, एवढंच. शाळेत असताना बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा दप्तरात लपवून वाचल्या, ती खोड अजून गेलेली नाही. केंद्रातल्या मैत्रिणी हसतात. "दिवसभर मारहाणच ऐकतेस, मग रात्री पुन्हा खून कशाला?" असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. गेल्या काही महिन्यांत तीन कादंबऱ्या वाचल्या आणि त्याचं थोडंफार उत्तर सापडलं, म्हणून हे लिहिते आहे. (रहस्य फोडल्याशिवाय बोलता येणार नाही. ज्यांना आधी पुस्तकं वाचायची आहेत त्यांनी इथेच थांबावं.)

पहिली, केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी पुस्तक २००५ सालचं. यासुको ही घटस्फोटित बाई जेवणाच्या डब्यांच्या दुकानात काम करून मुलीला वाढवते. घटस्फोट झाला तरी नवरा पिच्छा सोडत नाही. पत्ता शोधून येतो, पैसे मागतो. एके दिवशी घरात झटापट होते, तो मुलीला मारू लागतो, आणि मायलेकींच्या हातून त्याचा जीव जातो. इथपर्यंतची बाई आपल्याला नीट ओळखीची आहे. पोलिसांकडे जावं असं तिच्या मनातही येतं. पण शेजारी राहणारा गणिताचा मास्तर मदतीला धावतो, आणि तिथून गोष्ट तिची राहत नाही. मास्तर एक कोडं रचतो, त्याचा जुना मित्र ते सोडवतो. दोघेही फार हुशार. यासुकोनं काय बोलायचं, कधी बोलायचं हे मास्तर सार्वजनिक फोनवरून रोज सांगणार आणि ती तेवढंच बोलणार. नवरा गेला आणि शेजारी आला, असं मला वाटत राहिलं. या भक्तीसाठी एका बेघर माणसाचा बळी जातो, त्याच्याकडे तर कोणी वळूनही बघत नाही. पुस्तक मी एका रात्रीत संपवलं हे कबूल करते. रचना बेमालूम आहे. पण मुलीला वाचवणाऱ्या बाईला स्वतःच्या तोंडानं खरं बोलायला शेवटच्या पानांपर्यंत वाट पाहावी लागते, आणि ती बोलते तेव्हाही वाचकाचे डोळे पाणावतात ते मास्तरासाठी.

दुसरी कादंबरी विज्ञानकथेच्या कपाटात ठेवलेली होती. मार्गारेट अ‍ॅटवुड या कॅनडाच्या लेखिकेची 'द हँडमेड्स टेल', १९८५ सालची. खरं तर हिच्यात यंत्रंबिंत्रं फारशी नाहीत. इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं काहीही मी यात घातलेलं नाही, असं लेखिकेनं अनेकदा सांगितलं आहे. अमेरिकेत धर्माच्या नावानं सत्ता येते आणि मुलं होऊ शकणाऱ्या बायकांना मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी मूल जन्माला घालण्यासाठी वाटून देतात. नायिकेचं नाव ऑफ्रेड, म्हणजे फ्रेडची. तिचं खरं नाव पुस्तकात कुठेही स्पष्ट सांगितलेलं नाही. युरोपातल्या वाचकांना याचा धक्का बसला असेल. माझ्या आईचं नाव लग्नात तांदळात अंगठीनं लिहून बदललं आणि मधे वडिलांचं नाव आलं. तेव्हापासून माहेरच्या नावानं तिला हाक मारणारी एक मावशीच उरली होती. मला धक्का बसला तो दुसऱ्याच जागी. नायिका कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. त्याच दिवशी सगळ्या बायकांची खाती गोठतात, नोकऱ्या जातात. पैसे नवऱ्याच्या ताब्यात. नवरा वाईट नाही, प्रेमळ आहे. मी आहे ना तुझी काळजी घ्यायला, अशी समजूत घालतो. आणि तिच्या मनात येतं की याला हे फारसं खुपत नाहीये! हे पान मी तीनदा वाचलं. बचत गटाचं पासबुक नवऱ्यापासून तांदळाच्या डब्यात लपवणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

पुस्तकाच्या शेवटी २१९५ सालची एक परिषद आहे. या बाईनं कॅसेटवर बोलून ठेवलेली हकिगत एक प्राध्यापक सादर करतो. मधूनमधून बायकांवर विनोद करतो, लोक हसतात. त्याची तक्रार काय, तर तिनं राज्यकारभाराची, त्या अधिकाऱ्याची माहिती जास्त द्यायला हवी होती. "बाई, मुद्द्याचं बोला" हे आपण किती टेबलांसमोर ऐकलंय!

तिसऱ्या कादंबरीतही सगळं बँकेच्या खात्यापाशी येऊन अडतं. स्टीग लार्सनच्या 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'चं मूळ स्वीडिश नाव 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष' असं आहे. इंग्रजीत आणताना पुरुष गेले आणि मुलीच्या अंगावरचं गोंदण आलं. लिसबेथ सालांडरला कायद्यानं अजाण ठरवलंय. तिचे पैसे पालक म्हणून नेमलेल्या वकिलाच्या हातात, आणि तिच्याच पैशासाठी तो तिच्यावर बलात्कार करतो. आपला शब्द कोणी धरणार नाही हे माहीत असल्यानं ती लपवलेल्या कॅमेऱ्यात पुरावा गोळा करते. पुढे ती त्याच्या पोटावर जे गोंदते ते वाचून मला बरं वाटलं. ते लपवत नाही. बाकी पुस्तकात माझ्या तक्रारी आहेत. मेलेल्या बायकांची वर्णनं नको इतकी चवीनं येतात. आणि तो चाळिशीतला पत्रकार, भेटेल ती बाई त्याच्यावर भाळते!

लार्सन २००४ मध्ये वारला, पुस्तक २००५ मध्ये आलं. एवा गाब्रिएल्सन तीस-एक वर्षं त्याच्याबरोबर राहिली, पण लग्न नव्हतं आणि कायद्यानं ग्राह्य मृत्युपत्रही नव्हतं. वारसाहक्क गेला वडिलांकडे आणि भावाकडे. आपल्याकडच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लग्नाविना सोबत राहणाऱ्या बाईला संरक्षण आहे, निवारा आहे. वारसा नाही.

याच पुस्तकातल्या एका गोष्टीवरून मात्र केंद्रात भांडण जुंपलं. वर्षानुवर्षं बायकांचे खून करणारा बड्या उद्योगपती घराण्यातला निघतो, मरतो, आणि प्रकरण दाबायचं ठरतं. लिसबेथ गप्प राहायला तयार होते, पण अटी घालते: बळी गेलेल्या बायका शोधून त्यांच्या घरच्यांना भरपाई द्या, आणि कंपनीनं दरवर्षी स्त्रियांच्या संकटकालीन केंद्रांना देणगी द्या. म्हणजे आपल्यासारख्यांनाच की! मी म्हटलं, असला पैसा घ्यायचा नाही, त्या बायकांची नावं आधी उघड झाली पाहिजेत. जमाखर्च बघणारी आमची मैत्रीण म्हणाली, निवारागृहाचं भाडं तीन महिने थकलंय, तुला काय जातंय बोलायला? दोन तास झाले तरी निकाल लागला नाही. भाडं मला भरायचं नसतं हेही खरं. तुमच्या गटात हा प्रश्न ठेवून बघा आणि काय ठरतं ते जरूर लिहून कळवा.