पडद्यावरचे पहिलटकर

लग्नाला वर्ष उलटल्यावर पत्रिका जुळवायला बसणारा ज्योतिषी आणि दिग्दर्शक नावारूपाला आल्यावर त्याचा पहिला चित्रपट पाहायला बसणारा टीकाकार, या दोघांत मला फारसा फरक वाटत नाही. दोघांनाही सगळे ग्रह नेमके हव्या त्या घरात सापडतात. "पुढच्या साऱ्या कर्तृत्वाची बीजे इथेच होती, पाहा!" असे म्हणायला पुढचे कर्तृत्व आधी डोळ्यांसमोर असावे लागते. ज्यांचे पुढे काही झाले नाही, त्यांच्या पहिल्या चित्रपटात बीजे शोधायला कोणी फिरकत नाही.

वर्षभर या सदरात त्या त्या आठवड्याच्या चित्रपटांशी आपली झटापट चालते. दिवाळीला संपादक जागेच्या बाबतीत हात जरा सैल सोडतात, म्हणून आज हा प्रश्न घेऊन बसलो आहे. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटात त्याचे स्वतःचे असे काय दिसते? तंत्र म्हणाल, तर ते बहुधा छायालेखकाचे आणि संकलकाचे असते. नवा गडी त्यांच्याच खांद्यावरून पैलतीर गाठतो. आयुष्याचा अनुभव म्हणाल, तर एक बालपण आणि एक फसलेले प्रेम एवढे भांडवल प्रत्येकापाशी असतेच. मी पाहतो ते वेगळेच. सिनेमा हा मुळातच लबाडीचा धंदा. भिंती पुठ्ठ्याच्या, पाऊस नळाचा, अश्रू ग्लिसरिनचे. या लबाडीत कोणती गोष्ट खोटी चालेल आणि कोणती खरीच हवी, हे ज्याला कळते तो दिग्दर्शक. पैसा आणि नाव आल्यावर ही जाण झाकता येते. पहिल्या खेपेला ती उघडी पडते.

उदाहरणाला मी १९५५ साल घेतो. त्या एका वर्षात जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत काही विलक्षण पहिलटकर पडद्यावर आले.

त्यातले पहिले अर्थातच सत्यजित राय. 'पथेर पांचाली'ची कहाणी आपल्या वाचकांना थोडीफार ठाऊक असेल. जाहिरातीच्या कचेरीत चित्रकार म्हणून नोकरी करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी मंडळी गोळा करून चित्रण करतो. छायालेखक सुब्रत मित्र एकवीस वर्षांचा, चलच्चित्राचा कॅमेरा त्याने पूर्वी कधी चालवलेला नाही. पैसे संपतात, विम्यावर कर्ज निघते, पत्नीचे दागिने गहाण पडतात आणि काम महिनोन्‌महिने ठप्प होते. शेवटी पश्चिम बंगाल सरकार मदतीला येते आणि तो पैसा चक्क रस्तेसुधारणेच्या खात्यातून निघतो. नावातच रस्ता आहे ना! पण हा झाला हालअपेष्टांचा भाग, आणि हालअपेष्टा तर वाईट चित्रपट काढणाऱ्यांनीही काढलेल्या असतात. माझे लक्ष आहे ते दुसऱ्याच दोन गोष्टींकडे.

चित्रणाचा पहिला दिवस २७ ऑक्टोबर १९५२. अपू आणि दुर्गा काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला जातात, तो प्रसंग. शरदात फुलणारे ते पांढऱ्या तुऱ्यांचे उंच गवत. निम्मे काम झाले. उरलेले पुरे करायला आठवड्याने मंडळी परत गेली, तो रान बोडके! गुरांनी सगळी फुले फस्त केली होती. आपल्याकडचा एखादा व्यवहारी निर्माता म्हणाला असता, दुसरे कसले तरी गवत आणा, नाहीतर उरलेला भाग घराच्या अंगणात घ्या. रायांनी दुसऱ्या वर्षाच्या शरदापर्यंत वाट पाहिली. पदरी दमडी नसताना, आणि पोरे वर्षभरात वाढतील ही भीती डोक्यावर असताना. ते पुढे म्हणत की अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा थोराड झाली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी हयात राहिल्या, या तीन चमत्कारांनी चित्रपट तरला. एका गवतासाठी त्यांनी काय पणाला लावले होते, ते यावरून ध्यानात यावे.

आता दुसरी बाजू पाहा. याच चित्रपटात एक मिठाईवाला आहे. कावड खांद्यावर घेऊन तो पुढे चालला आहे, मागे दुर्गा, तिच्यामागे अपू आणि सर्वांच्या मागे एक कुत्रा. पाहणाऱ्याच्या मनातून ही वरात कधी जात नाही. मिठाईवाल्याचे काम करणारा माणूस चित्रण अर्धवट असतानाच वारला. रायांनी तशाच अंगलटीचा दुसरा माणूस शोधला. एका दृश्यात पहिला माणूस बांबूच्या बनातून येतो. पुढच्या दृश्यात दुसरा माणूस पाठमोरा होऊन वाड्याच्या दारात शिरतो. अवघ्या जगाने तो चित्रपट पाहिला, कोणाला पत्ता लागला नाही. कुत्र्याचीही तीच कथा. तो पोरांच्या मागे येईना, तेव्हा दुर्गेने हात पाठीमागे धरून त्यात संदेश लपवला. तोच कुत्रा मध्यंतरी मेला तेव्हा त्याच्यासारखा दुसरा आणून अर्धा राहिलेला प्रसंग पुरा केला. अपू बेचव चालत होता म्हणून त्याच्या वाटेत काटक्या टाकल्या आणि गवताआड माणसे बसवून त्याला हाका मारायला लावल्या. पडद्यावर तो बहिणीला शोधतो आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पोरगा काटक्या चुकवीत होता!

म्हणजे माणूस बदललेला चालतो, कुत्रा बदललेला चालतो, पण गवत बदललेले चालत नाही. का? मिठाईवाल्याचा चेहरा कोणाच्या स्मरणात राहणार नव्हता, चाल राहणार होती. काशफुलांचे रान मात्र त्या दोन पोरांच्या आयुष्यातला गावाबाहेरचा पहिला विस्तार आहे. ते खोटे पडले असते तर आगगाडीही खोटी पडली असती. हा हिशोब रायांनी पहिल्याच चित्रपटात, कोणी न शिकवता केला. शेवट जरा आशादायक करावा, अशी सूचना सरकारी वर्तुळातून आली होती; तिथेही ते बधले नाहीत. दुर्गेच्या मृत्यूनंतर बाप तिच्यासाठी साडी घेऊन परत येतो आणि आई फुटते, त्या ठिकाणी मात्र त्यांनी आईचा हंबरडाच काढून टाकला आणि रविशंकरांच्या संगीतातली तारशहनाई तेवढी ठेवली. खरे रडणे उपलब्ध असताना ते नाकारायलाही तीच जाण लागते.

(जाता जाता एक योगायोग. 'पथेर पांचाली' प्रथम दाखवला गेला तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात, ३ मे १९५५ रोजी. बेचाळीस वर्षांपूर्वी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला होता. त्यात तारामतीच्या वेषात अण्णा साळुंके होते. कोणती खोटी गोष्ट चालवून घ्यावी लागेल, हे दादासाहेबांनाही चांगले कळत होते.)

त्याच वर्षी, त्याच कलकत्त्यात मृणाल सेन यांचा 'रात भोर' हा पहिला चित्रपट निघाला. उत्तमकुमार होता, छवी विश्वास होते. म्हणजे रायांपाशी जे जे नव्हते ते सारे इथे होते. चित्रपट साफ पडला आणि खुद्द सेनांनीच पुढे त्याच्याशी नाते तोडले. बीजे शोधणाऱ्यांची इथे मोठी पंचाईत होते! माझ्या मते सेनांचा खरा पहिला चित्रपट १९६९ सालचा 'भुवन शोम'. तोवर त्यांनी अनेक चित्रपट केले होते आणि वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती. पण फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे थोडकेच पैसे, पुण्याच्या संस्थेतून शिकून आलेला के. के. महाजन हा तरुण छायालेखक आणि पडद्यावर प्रथमच येणारी सुहासिनी मुळे, एवढ्यावर ते सौराष्ट्राच्या वाळूत उतरले आणि तिथे काय सोडायचे, काय धरायचे हे त्यांना लख्ख दिसले. पहिलेपण वयावर किंवा क्रमांकावर नसते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

फ्रान्समध्ये आन्येस वार्दा या छायाचित्रकार बाईने त्याच सुमारास 'ला पोंत कुर्त' काढला. तिने तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच चित्रपट पाहिले होते. एका कोळीवाड्याची हकिकत आणि एका नवरा-बायकोचा बेबनाव, या दोन गोष्टी ती आलटून पालटून सांगते आणि त्यांची गाठ मुद्दाम बांधत नाही. कोळी खरे, त्यांचे जाळे खरे. नवरा-बायकोचे बोलणे मात्र नाटकी, बेतलेले. मला ते जोडपे कंटाळवाणे वाटते. पण दोन्ही एकाच पातेल्यात न ढवळण्याचा तिचा हट्ट पाहून मात्र मान डोलवावीशी वाटते.

इतके दूर कशाला जायचे? आपला चैतन्य ताम्हाणे घ्या. 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसला गेला आणि दोन पारितोषिके घेऊन आला, तेव्हा हा मुलगा सत्तावीस वर्षांचा होता. एका लोकशाहिरावर खटला आहे: त्याचे गाणे ऐकून गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला म्हणे! शाहिराचे काम करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते. हिंदी बोलपटांनी आपल्याला कोर्टाचा जो नमुना पाठ करून दिला आहे, टेबलावर मुठी आपटणारे वकील आणि ऐनवेळी दारातून येणारा साक्षीदार, त्यातले इथे काही नाही. तारीख पडते, कागद मागवले जातात, पुन्हा तारीख पडते. कॅमेरा लांब एका जागी बसून राहतो, जणू आपलाच खटला आहे आणि आपल्याला बाकावर बसवून ठेवले आहे. या चित्रपटात खरा हवा होता तो वेळ, आणि तो ताम्हाण्यांनी कापला नाही.

शेवटाकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते. शिपाई एकेक दिवा मालवतो. पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. मी पाहिला त्या खेळाला इथे दोन-तीन मंडळी उठलीसुद्धा. एकाने तर पायाने चपला चाचपल्या. कोणीही हुशार माणूस चित्रपट इथेच संपवील. ताम्हाणे संपवीत नाहीत. अंधार सरतो आणि न्यायाधीशसाहेब मंडळींसह सहलीला निघालेले दिसतात. तिथे ते बाकावर डुलकी काढतात, पोरे कानाशी ओरडून त्यांना उठवतात आणि साहेब हाताशी लागेल त्या पोराच्या कानाखाली वाजवतात. पोर रडत राहते. साहेब पुन्हा पेंगू लागतात. त्या काळ्या पडद्याची टाळी सोडून देण्याचे धाडस सत्ताविशीत सहसा नसते. ते वय टाळीचेच असते.

आता १९५५ चा आणखी एक चित्रपट राहिला, आणि माझ्या म्हणण्याची कसोटी तिथेच आहे, कारण या दिग्दर्शकाचे पुढे काहीच झाले नाही. चार्ल्स लॉटन हा मोठा नट. १९३३ सालच्या आठव्या हेन्रीने त्याला ऑस्कर मिळवून दिले. पन्नाशी उलटल्यावर त्याने 'द नाईट ऑफ द हंटर' दिग्दर्शित केला. पैशासाठी दोन पोरांचा पाठलाग करणारा खुनी धर्मोपदेशक ही कथा. चित्रपट आपटला. १९६२ साली लॉटन वारला. तोवर दुसरा चित्रपट त्याने केला नाही.

लॉटनची रीत रायांच्या नेमकी उलट. क्षितिजावरून घोड्यावर बसून जाणारा तो खुनी म्हणजे प्रत्यक्षात एका तट्टावर बसवलेला ठेंगणा माणूस; दूरचा भास व्हावा म्हणून केलेली युक्ती. नदीच्या तळाशी, शेवाळासारखे केस पसरून बसलेले प्रेत म्हणजे बाहुली. घरे खेळण्यातल्या घरांसारखी. आणि हे सारे उघड उघड खोटे असल्यामुळेच अंगावर काटा येतो, कारण घाबरलेल्या पोराला रात्र अशीच दिसते. खरी हवी होती ती फक्त पोरांची भीती.

इथे एक वदंता होती. लॉटनला म्हणे पोरांचा तिटकारा होता आणि त्यांच्याकडून काम करून घेतले ते खलनायक झालेल्या रॉबर्ट मिचमने. ही गोष्ट वर्षानुवर्षे छापून येत राहिली. पण लॉटनला एक खोड होती: दोन टेकांच्या मध्ये तो कॅमेरा बंदच करीत नसे. ती न वापरलेली फिल्म त्याच्या विधवेने, एल्सा लँचेस्टरने, जपून ठेवली आणि कॅलिफोर्नियातल्या अभिलेखागाराने तिची जुळणी करून २००२ साली ती लोकांपुढे आणली. त्यात लॉटन दिसत नाही, ऐकू येतो. समोरच्या पात्राची वाक्ये स्वतः म्हणतो, पोरांना थांबवतो, समजावतो, पुन्हा म्हणायला लावतो, आणि फिल्म फिरत राहते.