बावस्करांचा विंचू आणि आमच्या चिखल्या

मेडिकल जर्नलमध्ये लेख छापून आणणं हे मोठ्या कॉलेजातल्या प्रोफेसर मंडळींचं काम, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. डॉक्टरांमध्ये आहे, नातेवाइकांमध्ये तर आहेच. ("तू कशाला त्या फंदात पडतेस, दवाखाना बरा चाललाय ना?" हे वाक्य ज्यांचं आहे ते हे वाचणार आहेत, त्यांनी हसून घ्यावं.) मला ही समजूत चुकीची वाटते. नुसती चुकीची नाही, महागात पडणारी वाटते. का, ते आज जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर चहा घेऊन बसा.

सुरुवात महाडपासून. डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव बहुतेकांना २०२२ च्या पद्मश्रीमुळे किंवा त्यांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं' या पुस्तकामुळे माहीत असेल. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा माणूस १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागला. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. पाठ्यपुस्तकात विंचवाला जेमतेम जागा. हाताशी मशिनं नाहीत. मग त्यांनी काय केलं? रुग्णाशेजारी बसून राहिले आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं. उलटी कधी झाली, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब आधी कसा चढला आणि नंतर कसा कोसळला, छातीत पाणी कधी भरलं. १९८२ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या लेखाचा गाभा एवढाच की, हृदयावर परिणाम होणार हे आधीच सांगणारी लक्षणं असतात आणि ती नुसत्या डोळ्यांनी आणि हाताने कळतात.

त्यानंतरची पायरी औषधाची. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार पडतो. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी बाजारात होतीच. ती त्यांनी वापरली आणि १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, या वेळी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो त्यांचा २०११ चा 'बीएमजे'मधला लेख. महाडच्याच दवाखान्यात ७० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, प्रत्येकी ३५. एकाला फक्त प्राझोसिन. दुसऱ्याला प्राझोसिन आणि शिवाय विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. म्हणजे ज्या गोळीने यांचं नाव जगभर झालं, ती एकटी कमी पडते, सोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर उठतो, हे त्यांनी स्वतःच मोजलं आणि स्वतःच छापलं. आपल्याच औषधाला दुसरा नंबर देणारा लेख लिहायला काय लागतं, ते विचार करून बघा.

आता कल्पना करा, हे सगळं बिरवाडीच्या रजिस्टरमध्येच राहिलं असतं. बिरवाडी-महाडमधले रुग्ण कदाचित वाचले असते, चांगला डॉक्टर म्हणून पंचक्रोशीत नाव झालं असतं. पण दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या देशातल्या तालुक्याच्या डॉक्टरला रात्री दोन वाजता विंचू चावलेलं पोर समोर आल्यावर काय करायचं ते कळलं नसतं. लेख म्हणजे मला तरी एवढंच वाटतं. आपल्याला कधीच भेटणार नाही अशा डॉक्टरला लिहिलेली चिठ्ठी.

हा विषय डोक्यात येण्याचं कारण माझा भाचा. एमडी करतोय. प्रबंध पूर्ण झाला, आता त्यावरून लेख करून पाठवायचा आहे. फोनवर विचारतो, "मावशी, कुठल्या जर्नलला पाठवू? एकाचा मेल आलाय, पाच दिवसांत छापतात." पाच दिवसांत! आमच्याकडे लग्नपत्रिका छापून यायला याहून जास्त वेळ लागतो. :)

त्याला जे सांगितलं ते इथेही लिहिते, इतर भाचे-पुतण्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे, लेख पहिल्या ओळीपासून लिहायला घेऊ नये. मेडिकल लेखाचा साचा ठरलेला आहे. प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा. तरुण मंडळी प्रस्तावनेत अडकतात आणि त्या रोगाचा प्राचीन काळापासूनचा इतिहास लिहीत बसतात. आधी 'पद्धत' लिहावी. कोण रुग्ण घेतले, कोण वगळले, कधीपासून कधीपर्यंत, काय मोजलं, कशाने मोजलं. हा भाग इतका स्वच्छ हवा की दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तेच काम तसंच करून बघता यावं. मग आकडे. मग चर्चा, आणि चर्चेत स्वतःच्या अभ्यासाच्या मर्यादा आपणहून सांगायच्या. सारांश आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. कारण आपण नेमकं काय शोधलंय ते बाकीचं लिहून झाल्यावरच कळतं. प्रस्तावनेला तीन परिच्छेद पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं. स्थळं बघताना चार ठिकाणी पत्रिका दिली तर चालते, इथे चालत नाही. संपादक आणि परीक्षक लेख वाचतात तो फुकटचा वेळ असतो, आणि दोन ठिकाणी छापून आला तर एकच रुग्ण दोनदा मोजला जातो. नकार आला की मगच पुढच्याला. नकार बऱ्याचदा दोन दिवसांतच येतो, परीक्षकांपर्यंत न जाता. तो मनाला लावून घ्यायचा नाही. उलट 'बऱ्याच दुरुस्त्या करा' असं उत्तर आलं तर पेढे वाटावेत. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली आपण काय केलं ते लिहायचं, आणि जिथे पटत नाही तिथे नम्रपणे का पटत नाही ते लिहायचं.

आणि ते पाच दिवसांवालं जर्नल? तिथे मी कडक झाले. वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी छापलेले लेख लागतात, आणि जिथे अट आली तिथे ती पुरवणारी दुकानंही आली. पैसे भरा, छापून घ्या, परीक्षण नावापुरतं. हे माझं एकटीचं कुरकुरणं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी युजीसीच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १००९ जर्नल्सची छाननी केली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापली. ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. मान्यताप्राप्त यादीतली, बरं का! भाचा म्हणाला, "पण सगळेच तिथे देतात." देत असतील. पण तुझे रुग्ण खरे होते ना? त्यांनी हात पुढे करून रक्त दिलं ते खरं होतं ना? मग ते अशा ठिकाणी का टाकायचं, जिथे कुणी शहाणा डॉक्टर वाचायला जात नाही?

पैशाबद्दल मात्र एक खरी अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. चांगली, प्रतिष्ठित, सगळ्यांना फुकट वाचता येणारी अनेक जर्नल्स लेखकाकडून फी घेतात आणि ती हजारो डॉलरमध्ये असू शकते. कामशेतच्या डॉक्टरने ती कुठून भरायची? काही ठिकाणी माफी मिळते, पण त्यासाठी आधी अर्ज करत बसायचं. हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी वाचणाऱ्याने पैसे द्यायचे, आता लिहिणाऱ्याने. दोन्हीकडे दाराबाहेर उभे राहणारे आपणच.

तरी वाटा आहेत. वर्गणीवर चालणाऱ्या पुष्कळ जर्नल्समध्ये नेहमीच्या मार्गाने लेख दिला तर लेखकाला काही पडत नाही. संपादकाला पत्र पाठवायला तर बहुतेक ठिकाणी काहीच लागत नाही, आणि पत्राला कमी लेखू नका. आणि जर्नल परदेशीच हवं असंही नाही. डॉ. वि. ना. शिरोडकर हे मूळचे गोव्याचे, काम मुंबईत. दिवस भरण्याआधी गर्भ जाऊ नये म्हणून गर्भाशयाच्या मुखाला घालायचा टाका, तो जगभर 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखला जातो. तो त्यांनी १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात छापला होता. जगाने तिथे येऊन वाचला. लेख लांबलचक हवा हाही भ्रमच. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या, कुठल्याच नेहमीच्या गटात न बसणाऱ्या रक्ताबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. दोन पानं. आज रक्तपेढीत 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात तो हाच. त्या दोन पानांमुळे आजही कुणाला चुकीचं रक्त चढता चढता राहतं.

लेखकांच्या नावांबद्दल थोडं, कारण हे घरच्या मंडळींना माहीत नसतं. ज्याने कामच केलं नाही त्याचंही नाव लेखावर येतं, साहेब म्हणून. जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासून सुधारण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला संमती, आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हव्यात. खुर्ची ही त्यातली अट नाही. आणि वर्षभर न चुकता रजिस्टर भरणाऱ्या सिस्टरचं नाव आभारातही नसतं, हे तर मला अजिबात सहन होत नाही.

आता आमच्या चिखल्या.

नाणे मावळ, पवन मावळातून कामशेतला येणाऱ्या बायका आषाढ-श्रावणात एकच तक्रार सांगतात. लावणीत दिवस दिवस गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्या सडतात, पांढऱ्या पडतात, चिरतात, आग होते. याला चिखल्या म्हणतात. इंग्रजीत याला एक लांबलचक नाव आहे, त्यात बोटांच्या मधला दाह एवढंच कळतं. चिखल नाही, लावणी नाही, इरलं नाही, आणि "उद्या पुन्हा उतरायचंच आहे बाई" हे तर नाहीच. मराठी शब्दात रोगाचं कारण आहे, कामधंदा आहे, ऋतू आहे. मलम लिहून देणं सोपं आहे, पण ते लावून ती बाई सकाळी परत चिखलात उतरणार असेल तर काय उपयोग? मलम कधी लावावं, तेल चोपडून उतरलं तर फरक पडतो का, किती दिवसांची मजुरी बुडते, हे कुणी मोजायचं? ज्याच्या दवाखान्याच्या पायरीवर ते चिखलाचे पाय येतात त्याने.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी हेच केलं. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच हिशोब होता. बाकीचं दुखणं बायका सोसत होत्या, आणि न मोजलेलं दुखणं सरकारदरबारी नसतंच.

म्हणून या लावणीला मी एक वही घातली आहे. कसलं मोठं संशोधन नाही. आधी नैतिक समितीकडे प्रस्ताव गेला, कारण ती मंजुरी अभ्यासाच्या आधी लागते, नंतर नाही. संमतीपत्र मराठीत केलं, आणि ते शेजारच्या मावशींना वाचून दाखवलं. "सहभागी व्यक्ती" या शब्दावर त्या अडल्या. "म्हणजे मीच ना? मग 'तुम्ही' लिही की." तसं केलं. वहीत रकाने आहेत: गाव, वय, पाण्यात किती तास, काय लावलं, कितव्या दिवशी आली, किती दिवस खाडा. शेवटचा रकाना कंपाउंडरने सुचवला, "पुन्हा उतरली का?" आत्तापर्यंत त्या रकान्यात सगळीकडे 'हो' आहे.