यंत्र स्वस्त झाले, पण ते शेतापर्यंत न्यायचे कसे? भाड्याची ट्रॉली ठरवताना आधी वजन विचारा

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मशागत, कापणी व मळणीची यंत्रेही त्याच दरात आली. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा कर तर १८ वरून थेट ५ टक्के झाला. त्यामुळे मिनी ट्रॅक्टर, पॉवर टिलर, रोटाव्हेटर, फवारणीचे ब्लोअर अशा यंत्रांची मागणी वाढणे स्वाभाविक आहे.

मात्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या क्षेत्रावर मिनी ट्रॅक्टरचा हप्ता निघत नाही. म्हणून यंत्र घेणारा शेतकरी ते भाड्याने देतो, अवजारे बँकेचा गट ते चार गावांत फिरवतो. कोकणात भातलावणीच्या आधी पॉवर टिलर आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर सतत फिरतीवर असतात.

यंत्राचा तासाचा दर सगळे काळजीपूर्वक ठरवतात. वाहतूक मात्र "बघू, कोणाची तरी ट्रॉली मिळेल" यावर सोडली जाते. यांत्रिकीकरणाच्या चर्चेत दुर्लक्षित राहिलेला आणि सर्वाधिक धोक्याचा भाग हाच आहे.

दर विचारण्याआधी वजनाचा हिशोब करा

पॉवर टिलरचे वजन साधारण ४०० ते ५०० किलो असते. मिनी ट्रॅक्टर मॉडेलनुसार ६०० ते १००० किलोपर्यंत भरतो. समजा तुमचा ट्रॅक्टर ९०० किलोचा आणि रोटाव्हेटर २०० किलोचा आहे, तर एकूण भार ११०० किलो झाला. 'छोटा हत्ती' प्रकारच्या टेम्पोची क्षमता अनेक मॉडेलमध्ये ७५० किलोच्या आसपास असते. यंत्र हौद्यात बसले म्हणजे वाहनाला ते झेपते असे नाही.

क्षमता शोधणे सोपे आहे. आरसीवर रिकाम्या वाहनाचे वजन आणि भारासह कमाल वजन दिलेले असते. दुसऱ्यातून पहिले वजा केले की किती भार चालतो ते कळते. यंत्राचे वजन त्याच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत सापडते.

ब्लोअर नेताना टाकी पूर्ण रिकामी करा. ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो वजन. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि गाडी कलंडू शकते.

कागदपत्रे: नुकसान इथेच मोठे होते

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. भार बाजूने, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर आला तरी २०,००० रुपये दंड होऊ शकतो. पाच-सातशे रुपये भाडे वाचवण्यासाठी हा धोका परवडत नाही.

विम्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. अनेक ट्रॉल्यांची स्वतंत्र नोंदणी नसते, किंवा नोंदणी व विमा फक्त शेतीकामासाठी असतो. अशी ट्रॉली भाड्यावर चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोन्हींची नोंदणी व विमा तपासा आणि भाड्याचा वापर त्यात बसतो का ते विचारा. ट्रॉलीत माणसे बसवू नका. यंत्राला धरून मागे उभा राहणारा मजूर सर्वात आधी जखमी होतो.

भाड्याची ट्रॉली घेताना हे पाहा

- हुक आणि दांडीला तडा किंवा जुने वेल्डिंग आहे का? पिनला लॉक आहे का? पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून जोड साखळी लावा.
- टायरच्या बाजूला चिरा, फुगवटा आहे का? हवा दोन्हीकडे सारखी आहे का?
- मागचे लाल दिवे लागतात का? रिफ्लेक्टर पट्ट्या स्वच्छ आहेत का? शक्यतो दिवसाउजेडीच प्रवास उरका.
- ट्रॉलीला ब्रेक आहेत का? बहुतेकांना नसतात. मग सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो, हे धरूनच वेग ठेवा.

चढवताना आणि उतरवताना

रॅम्पची लांबी हौद्याच्या उंचीच्या किमान चौपट ठेवा. हौदा ७५ सेंमी उंच असेल तर फळ्या ३ मीटरच्या हव्यात. फळ्यांची वरची टोके हौद्याला अडकवा, नाहीतर चाक चढताना फळी मागे सरकते. जवळ पक्का बांध असेल तर ट्रॉली त्याला लावून यंत्र सरळ आत घेता येते.

मिनी ट्रॅक्टर चढवण्याआधी रोटाव्हेटर सोडून ठेवा आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवा. त्याचे वजन मागच्या भागात जास्त असते. पुढून चढवल्यास पुढची चाके उचलून तो चालकावर उलटू शकतो.

पॉवर टिलर नेहमी फळीवर येण्याआधीच सरळ करून घ्या. उतारावरून खाली येताना साइड क्लच उलटा परिणाम दाखवतो: डावा दाबला तर टिलर उजवीकडे वळू शकतो. म्हणून रॅम्पवर साइड क्लचला हात लावू नका.

बांधणी आणि रस्ता

दोन चाकी ट्रॉलीत यंत्राचे वजन चाकांच्या थोडे पुढे येऊ द्या. वजन मागे गेले तर दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डोलू लागते. यंत्र गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक असेल तर लावा, चाकांखाली लाकडी ओंडके द्या. पेट्रोल इंजिन असेल तर इंधनाचा कॉक बंद करा. सुती किंवा नायलॉन दोरावर विसंबू नका. साखळी किंवा रॅचेट बेल्टने चार कोपऱ्यांतून, यंत्राच्या चासीला बांधा. पाच-सात किलोमीटरवर थांबून ताण पुन्हा पाहा, कारण खड्ड्यांमुळे पट्टे ढिले होतात.

रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल जोडून घ्या. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि मागची ट्रॉली त्याच्यावर येते. घाट उतरताना उताराच्या आधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नका.

गटांनी काय करावे?

वाहतूक फुकटात किंवा अंदाजे धरली की स्पर्धा दराची होते आणि मग सुरक्षितता कापली जाते. तासाच्या दराबरोबर वाहतुकीचे भाडे वेगळे आणि लेखी ठरवा. कोणत्या वाहनातून, कोण बांधणार आणि नुकसान झाल्यास कोणाचे, हे त्यातच लिहा. अवजारे बँकेच्या गटाने पुढचे यंत्र घेण्याआधी नोंदणी-विमा असलेली एक चांगली ट्रॉली, एक जोडी रॅम्प आणि चार रॅचेट बेल्ट घ्यावेत. हंगामात गटाची सगळी यंत्रे त्यावरूनच फिरणार आहेत.