गुडघ्याचे ऑपरेशन झाले, अजिंठा पाहता येईल का?

भोकरदन तालुक्यातील धावडा परिसरात पाहुणे आले की अजिंठा लेण्यांचा बेत ठरतोच. घरात नुकतेच ऑपरेशन झालेले किंवा काठी घेऊन चालणारे कोणी असेल, तर ‘तुम्ही आराम करा’ म्हणून बाकीचे निघतात. दर वेळी तसे करण्याची गरज नसते.

अडचण कुठे येते?

खासगी वाहन फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबते. पुढचे सुमारे 4 किलोमीटर बसने. खरी कसोटी बसमधून उतरल्यावर लागते. पहिल्याच लेण्यासाठी पायऱ्यांचा उभा चढ आहे. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखी पसरलेली 30 लेणी पाहायची, तर पुढेही चढ-उतार चुकत नाहीत.

त्यासाठी पायथ्याशी डोली मिळते. खुर्ची दांड्यांना बांधलेली, उचलायला चार जण. कुठवर न्यायचे, किती वेळ थांबायचे आणि परतीचे भाडे धरले आहे का, हे बसण्याआधीच ठरवावे. डोलीला हेलकावे बसतात. टाके ताजे असतील किंवा कंबरेचे ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. शिवाय लेण्याच्या आत स्वतःच्या पायांनीच जायचे असते. चित्रांच्या लेण्यांत चप्पल काढावी लागते, उजेडही मंद. हात धरणारा माणूस हवाच.

सगळी लेणी पाहायचा हट्ट नको. पद्मपाणीचे चित्र पहिल्याच लेण्यात आहे. पहिले-दुसरे पाहून परतले तरी सहल वाया गेली नाही. सोमवारी लेणी बंद असतात. हा चढ झेपणारच नसेल, तर वेरूळचे कैलास लेणे सोयीचे. तिथे मंगळवारी सुटी.

सरकारची जबाबदारी?

टी-पॉइंटजवळ 2013 मध्ये पर्यटक केंद्र सुरू झाले. 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे उभारल्या. डोंगर चढू न शकणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय कोणती? पण वीज-पाण्याची बिले थकली आणि केंद्राला टाळे लागले. निघण्यापूर्वी ते उघडे आहे का, याची चौकशी केलेली बरी. मूळ लेण्यांना धक्का लावून रॅम्प बांधता येत नाही, हे मान्य. प्रतिकृतींबाबत तीही सबब नाही.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. सार्वजनिक ठिकाणांच्या सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी बजावले. अजिंठ्यात त्याची सुरुवात थकीत बिल भरण्यापासून करता येते.