‘काळ बदलला’ हे कारण नव्हे

१/ दर काही दिवसांनी समाजमाध्यमांवर एखाद्या बंद पडलेल्या इराणी हॉटेलाचे छायाचित्र फिरते. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरणीतली खारी. खाली एकच ओळ असते : ‘ते दिवस गेले.’ आजचा धागा त्या ओळीविरुद्ध आहे, छायाचित्राविरुद्ध नाही.

२/ इतिहासाच्या विद्यार्थिनीने आठवणींवर रुसावे, असे मला म्हणायचे नाही. आठवण हा इतिहासाचा कच्चा माल आहे. परंतु कापसातली सरकी काढल्यावाचून सूत निघत नाही. आपण मात्र सरकीसकट कापूस अंगावर पांघरतो आणि त्यालाच इतिहास म्हणतो.

३/ ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात घडवला. घरापासून दूर गेलेल्यांना जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. मराठीने त्याला ‘स्मरणरंजन’ हा फार गोड प्रतिशब्द दिला. व्याधी विसरली गेली, रंजन उरले.

४/ माझे म्हणणे थोडक्यात असे : हरवलेल्या प्रत्येक हॉटेलाला, दुकानाला, कट्ट्याला तीन प्रश्न विचारल्याखेरीज त्याचा इतिहास सुरूच होत नाही. ते का बंद पडले? तेथे कोणाला बसता येत होते? आणि त्याची नोंद कोणी ठेवली?

५/ शेवटचा प्रश्न आधी घेऊ. मुंबईची यादी पाहा. जहांगीर आर्ट गॅलरीतले समोवार : १९६४ ते २०१५. स्ट्रँड बुक स्टॉल : १९४८ ते २०१८. ऱ्हिदम हाउस : २०१६ साली बंद. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर नेमाने बसत. या प्रत्येक जागेवर मृत्युलेख लिहिले गेले. ते योग्यच झाले.

६/ आता माझे गाव घ्या. डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता मालेगाव ओलांडून आमच्या गावावरून मेहकरला जातो. या रस्त्याच्या काठी किती हॉटेले उघडली आणि किती मिटली? मृत्युलेख शून्य.

७/ ‘खेड्यातल्या टपरीचा कसला इतिहास?’ असा प्रश्न मला एका परिसंवादात हसत हसत विचारला गेला होता. त्याचे उत्तर तेव्हा सुचले नाही, आज देते. ज्या टपरीवर कापसाचा भाव, एस.टी.ची वेळ, सोयरिकीची चौकशी आणि निवडणुकीचा अंदाज एकाच बाकावर ठरत असे, त्या टपरीचा इतिहास नसेल तर कशाचा असतो?

८/ जिल्हा गॅझेटिअर चाळा. बुलढाण्याचे एक १९१० सालचे, दुसरे १९७६ सालचे. रस्ते, पिके, बाजार यांची माहिती त्यांत मिळते. सरकारला जे मोजायचे होते ते त्याने मोजले. बाकावर कोण बसले होते, हे मोजण्याची त्याला गरज नव्हती. ती गरज आपली आहे.

९/ आता पहिला प्रश्न : का बंद पडले? याचे सर्वांत आळशी उत्तर म्हणजे ‘काळ बदलला’. काळ कोणाचे दुकान बंद करत नाही. भाडे, कायदा, रस्ता, भांडवल, वारसांची इच्छा या गोष्टी दुकान बंद करतात. त्यांना तारखा असतात आणि त्या शोधता येतात.

१०/ मुंबईत भाडे गोठवणाऱ्या १९४७च्या कायद्याने कित्येक जुन्या दुकानांना दीर्घकाळ तारले. ‘पूर्वी चहा स्वस्त होता’ या आठवणीमागे असा एखादा कायदाही उभा असतो. मुंबईची १९९५ची वारसा नियमावली इमारतींना संरक्षण देते, आतल्या धंद्याला देत नाही. कमान राहते, चहावाला जातो.

११/ वऱ्हाडाकडे वळू. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे धाव घेतली. १८७० साली लोहमार्ग खामगावच्या कापूसबाजारापर्यंत पोहोचला.

१२/ त्यातून आपल्या मुलखात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडत्यांच्या पेढ्या, हमालांचे अड्डे आणि हंगामापुरती चालणारी चहाची दुकाने उभी राहिली. कापसाच्या बैलगाड्यांची रांग, पेढीवरची गादी आणि तक्के : आमच्या आजोबांच्या पिढीचे स्मरणरंजन हे. त्यांचे इराणी हॉटेल म्हणजे ती पेढी.

१३/ मग ही पेढी ओस का पडली? १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याकडून कापूस विकत घेण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेकडे गेला, खाजगी व्यापाऱ्याची खरेदी कायद्याने बंद झाली. गादी रिकामी होण्यामागे काळापेक्षा विधिमंडळाचा हात मोठा होता.

१४/ आणि योजना का आली? व्यापाऱ्याच्या पिळवणुकीतून शेतकरी सुटावा म्हणून. आपण जिच्यासाठी हळवे होतो त्याच गादीवर कोणाच्या तरी आजोबांनी उचल घेतली होती आणि वहीत अंगठा उमटवला होता. ही योजनाही पुढे तोट्यात रुतली, हे खरे. पण अंगठ्याचा ठसा त्यामुळे पुसला जात नाही.

१५/ रस्त्याचेही तसेच. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे एस.टी. गावोगाव पोहोचली आणि प्रत्येक थांब्याशी एक हॉटेल जन्मले. गाडीची वाट पाहणे हाच त्या हॉटेलाचा धंदा होता. गाडी वेळेवर आली असती तर निम्मी भजी विकली गेली नसती.

१६/ ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तो आमच्याच परिसरातून जातो. पण त्यावर हवे तेथे चढता-उतरता येत नाही, हवे तेथे थांबता येत नाही. वाहन दिसते, गिऱ्हाईक दिसत नाही.

१७/ मी महामार्गाची विरोधक नाही. नागपूरच्या दवाखान्यात वेळेत पोहोचणाऱ्या रुग्णाला विचारा, तो दुवाच देईल. माझा मुद्दा हिशोबाचा आहे. भूसंपादनाचा मोबदला जमिनीला मिळतो, जुन्या रस्त्यावरून गेलेल्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. उद्या कोणी जुन्या रस्त्यावरच्या मिटलेल्या ढाब्याखाली ‘ते दिवस गेले’ लिहिले, तर कोणी, कोठे, कशासाठी नेले, हेही लिहावे.

१८/ आता मधला आणि सर्वांत अवघड प्रश्न : तेथे कोणाला बसता येत होते? संविधानाचे पंधरावे कलम काढून वाचा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही, असे त्यात नावानिशी म्हटले आहे.

१९/ एवढ्या थोर दस्तऐवजात हॉटेलाचा उल्लेख का करावा लागला? कारण हॉटेलाच्या दारावरच माणसे अडवली जात होती. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. तरीही १९७२ साली बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली. जेथे पाणवठा एक नव्हता, तेथे कपबशी एक होती, असे गृहीत कसे धरायचे?

२०/ म्हणून ‘तेव्हा सगळे एकत्र बसत’ हे वाक्य ऐकले की मी थांबते. सगळे म्हणजे कोण? मुंबईच्या इराणी हॉटेलांचे मोल बन-मस्क्यापेक्षा यात आहे, की तेथे पैसे मोजणाऱ्याला सहसा जात विचारत नसत. ही त्यांची खरी ऐतिहासिक कामगिरी. आणि स्मरणरंजनाच्या ओळीत नेमकी तीच गळते.

२१/ माझ्या घरातला पुरावा देते. आमच्या स्टँडवरच्या हॉटेलाबद्दल वडील आणि काका तासभर बोलू शकतात. आजीला विचारले, तर ती म्हणाली, ‘मले काय माईत बाई, मी तं थे हाटेल बाहेरूनच पाह्यलं.’ साठ वर्षे त्याच गावात राहून! मीही मेहकरच्या कॉलेजची गाडी धरताना तीन वर्षे त्याच्यासमोर उभी राहिले. आत बसले नाही. भज्यांचा वास तेवढा आमच्या वाट्याचा.

२२/ आणखी एक माणूस या आठवणीत असतो : टेबल पुसणारा पोरगा. ‘ए बारक्या, दोन कटिंग आण!’ हे वाक्य आपण किती प्रेमाने आठवतो. १४ वर्षांखालील मुलांना हॉटेलांत आणि ढाब्यांवर कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. त्या बारक्याचे खरे नाव कोणाला आठवते? त्याच्याकडे त्या हॉटेलाची कोणती आठवण असेल?

२३/ ‘इतके मनावर का घेता? लोकांना दोन घटका आनंद मिळतो,’ असा प्रतिसाद येईल. आनंदाला माझा विरोध नाही. पण आठवण निष्पाप राहत नाही. ‘पूर्वी सारे छान होते’ हे वाक्य पुरेशा वेळा उच्चारले की ज्यांच्यासाठी ते छान नव्हते, त्यांची तक्रार खोटी ठरू लागते. येथे स्मरणरंजन राजकारण होते, आणि तेही न सांगता.

२४/ उलट टोकाची चूकही नको. ‘सगळे शोषणच होते’ म्हणून हात झटकणारा अभ्यासक तितकाच आळशी. आजी ज्या हॉटेलात कधी गेली नाही, तेथूनच पाहुण्यांसाठी किटलीतून चहा मागवला जाई आणि गावची बातमीही त्याच किटलीबरोबर घरात येई. तिला ती चव आठवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२५/ मग करायचे काय? ग्रामपंचायतीत नमुना ८ची कर आकारणी नोंदवही असते, तीत मिळकतींची नोंद मिळते. जुन्या रोजमेळाच्या वह्या, पावत्या, दुकानांनी वाटलेली दिनदर्शिका, लग्नपत्रिकांवरचे छापखान्याचे नाव : ही सारी साधने आहेत. दर दिवाळीला घराची साफसफाई होते आणि ती रद्दीत जातात.

२६/ या सुट्टीत गावी गेलात तर एका बंद दुकानाविषयी तीन माणसांशी बोला : जो आत बसे तो, ज्याला किंवा जिला बसता आले नाही ती व्यक्ती, आणि जो तेथे राबला तो. तिघांची उत्तरे जुळणार नाहीत. जेथे ती जुळत नाहीत, तेथून लिहायला घ्या.

२७/ आमच्या स्टँडवरच्या हॉटेलाचे मी एवढेच काम हाती घेतले आहे. वडिलांची एक वही भरली, आजीचे दीड पान झाले. बारक्याचा शोध चालू आहे. तो आज पन्नाशीत असेल. तो सापडेपर्यंत त्या हॉटेलाच्या छायाचित्राखाली ‘ते दिवस गेले’ असे मी लिहिणार नाही. ते दिवस कोणाचे होते, हे अजून ठरायचे आहे.