वेग आणि ताप

घरात कोणाला बरे वाटेनासे झाले की आई आधी कपाळाला हात लावते, मग गळ्याला, आणि त्यानंतर थर्मामीटर शोधते. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "ताप कधी मोजला होता? गोळी देण्यापूर्वी की नंतर?" काखेत मोजला की जिभेखाली, हेही त्यांना हवे असते. नुसत्या 'एकशे एक' या आकड्यावर कोणताही शहाणा डॉक्टर औषध लिहून देत नाही. ही साधी गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. असे असूनही कॉम्प्युटरसमोर बसलो की आपण ती विसरतो आणि पडद्यावर दिसणारा आकडा हेच निदान असे धरून चालतो. हे विसरणे किती महाग पडते ते गेल्या वर्षी मी जवळून पाहिले. त्या प्रसंगात माझाही दोष होता, म्हणून हा लेख.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. पण आज प्रबंध कॉम्प्युटरवर लिहिला जातो, मुलाखती कॉम्प्युटरवर साठवल्या जातात आणि वसतिगृहात दर दोन-तीन खोल्यांमागे एक जुना, असेंबल केलेला कॉम्प्युटर असतोच. पैसे कमी आणि हौस जास्त, अशी आपली अवस्था. तेव्हा 'आहे त्याच प्रोसेसरचा वेग फुकटात वाढवता येतो' हे कोणी सांगितले की कान टवकारतात. ह्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कारखान्याने प्रोसेसरला जो वेग नेमून दिलेला असतो त्यापेक्षा अधिक वेगाने तो चालवावयाचा.

ही कल्पना वेडगळ मुळीच नाही. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा एक स्वस्त प्रोसेसर काढला. ६६ मेगाहर्ट्झचा ठोका आणि साडेचारचा गुणक, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. ज्यांनी तो ठोका १०० वर नेला त्यांना ४५० मेगाहर्ट्झ मिळाले, आणि यांतील पुष्कळ प्रोसेसर त्या वेगाने विनातक्रार चालले. त्या काळी ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ कितीतरी महाग होता. अशा कथा ऐकल्या की कोणालाही मोह होणारच. पुढे २०११ साली एएमडीचा एफएक्स-८१५० हा प्रोसेसर ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेऊन गिनेसच्या पुस्तकात विक्रम नोंदवण्यात आला. मात्र त्यासाठी द्रवरूप हेलियम वापरावा लागला होता, हा भाग सांगणारे सहसा गाळतात.

माझ्या खोलीतील मित्राचा विषय लोकसाहित्य. आपल्या गावातील म्हाताऱ्या बायकांकडून त्याने जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. त्यांतील मागचा आवाज कमी करणे, तुकडे पाडणे, नावे देऊन साठवणे, हे काम त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर फार रेंगाळत असे. डिसेंबरच्या सुट्टीत त्याने बायोसमध्ये शिरून वेग ३.४ वरून ४ गिगाहर्ट्झ केला, व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले आणि मला हाक मारली. पडद्यावर तापमान होते ३८ अंश. मी म्हणालो, "अरे, एवढा ताप तर आपल्यालाही येतो. थंडच आहे की!" तो निर्धास्त झाला. माझा दोष म्हणतो तो हाच.

त्या ३८ अंशांत काय काय दडले होते ते आम्हांला पुढे कळले. ते येथे क्रमाने मांडतो.

प्रथम वेगाविषयी. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. मदरबोर्डवरचा मूळ ठोका बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो. १०० गुणिले ३४ म्हणजे ३.४ गिगाहर्ट्झ. परंतु आजचा प्रोसेसर सदासर्वकाळ एकाच वेगाने धावत नाही. काम नसेल तेव्हा वीज वाचवण्यासाठी तो पार खाली येतो, आणि थोडेसे काम आले तर एक-दोन गाभ्यांपुरता नेमलेल्या वेगाच्या वरही जातो. कामाशिवाय बसलेल्या कॉम्प्युटरवर ८०० मेगाहर्ट्झ पाहून 'दुकानदाराने फसवले' म्हणणारे आमच्या वसतिगृहात आहेत, आणि क्षणभर दिसलेला सर्वांत मोठा आकडा हाच आपला वेग असे मिरवणारेही आहेत. दोघेही चुकतात. सर्व गाभ्यांवर काम चालू असताना पाव-अर्धा तास टिकून राहणारा वेग हाच खरा वेग.

शिवाय ठोके म्हणजे काम नव्हे. बैलजोडी किती पावले टाकते यावरून नांगरट मोजत नाहीत. एका पावलागणिक किती जमीन उलथली तेही पाहावे लागते. २००१ साली एएमडीने अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ बाजारात आणला तेव्हा त्याचा प्रत्यक्ष वेग १५३३ मेगाहर्ट्झ होता. आपला प्रोसेसर दर ठोक्याला अधिक काम करतो, असा कंपनीचा दावा होता. दुसऱ्या बाजूला केवळ ठोके वाढवीत निघालेल्या इंटेललाही २००४ साली ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द करावा लागला. उष्णतेने वाट अडवली होती.

आता तापमानाविषयी. पडद्यावरचा आकडा नेमका कोठला? मदरबोर्डवरील संवेदकाचा की प्रोसेसरच्या पोटातला? ह्या दोहोंत बरेच अंतर असू शकते. इंटेलच्या प्रोसेसरांतील संवेदक तर 'मी इतका गरम आहे' असे सांगतच नाही. 'मर्यादा गाठायला इतके अंश उरले' असे सांगतो, आणि ती संख्या मर्यादेतून वजा करून प्रोग्राम आपल्याला तापमान दाखवतो. प्रोग्रामने मर्यादाच चुकीची धरली तर उत्तरही चुकणार. २०१७ साली आलेल्या रायझन ७ च्या १७००एक्स व १८००एक्स या प्रोसेसरांकडून मिळणाऱ्या आकड्यात एएमडीने मुद्दाम २० अंश मिळवलेले होते. निरनिराळ्या प्रोसेसरांवर पंख्याचे नियंत्रण एकसारखे राहावे हा हेतू. ज्यांना हे माहीत नव्हते ते उगाच घाबरले. आमच्या बाबतीत उलटे घडले. आम्ही उगाच निर्धास्त झालो.

कारण आम्ही तो आकडा पाहिला तेव्हा कॉम्प्युटर काहीच करीत नव्हता. आणि महिना डिसेंबरचा होता.

येथे थोडे गणित करावे लागेल. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. प्रोसेसरची बहुतेक उष्णता ही वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४ भागिले ३.४ म्हणजे सुमारे १.१८ पट. १.३५ भागिले १.२० म्हणजे १.१२५, आणि त्याचा वर्ग सुमारे १.२७. दोहोंचा गुणाकार जवळजवळ दीड. म्हणजे वेग वाढला १८ टक्के आणि उष्णता वाढली ५० टक्के. हीटसिंक आणि पंखा एवढेच करतात की प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांहून वर जाऊ देत नाहीत. पंख्याने कितीही वारा घातला तरी खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही. पूर्वी भरकामात प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंश वर जात असेल तर आता ६० अंश जाणार. डिसेंबरात आमची खोली २२ अंशांवर होती, तेव्हा बेरीज ८२. प्रोसेसरची मर्यादा होती ९५. म्हणजे त्या दिवशी आम्ही भरकामाची चाचणी घेतली असती तरी उत्तीर्णच झालो असतो! परंतु आमचे गाव विदर्भातले. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालची आमची खोली सहज ४१ अंशांवर जाते. ४१ आणि ६० किती, ते वाचकांनीच पाहावे.

मित्राने ओव्यांचे बहुतेक काम एप्रिलमध्येच केले. कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद होऊन चालू झाला. आम्ही विजेला दोष दिला. मोबाईलमध्ये जागा हवी म्हणून त्याने मूळ ध्वनिमुद्रणे पुसून टाकली. जूनमध्ये प्रबंधासाठी फाईली उघडल्या तेव्हा अकरा बिघडलेल्या निघाल्या. काही उघडतच नव्हत्या, तर काहींत ओवीच्या मध्येच खरखर होती. वेग मूळ पदावर आणून चाचणी घेतली तेव्हा रात्रभर एकही चूक आली नाही. वेग पुन्हा वाढवला आणि दुपारच्या उन्हात तीच चाचणी लावली, तर सात मिनिटांत चुका दिसू लागल्या. अकरांपैकी नऊ ओव्या त्याने दिवाळीत गावी जाऊन पुन्हा गाऊन घेतल्या. उरलेल्या दोन त्याच्या आजीच्या होत्या, आणि आजी पावसाळ्यात गेली.

यावर कोणी म्हणेल, की आजचे प्रोसेसर स्वतःची काळजी स्वतः घेतात. ते खरे आहे. २००१ साली एका गाजलेल्या चाचणीत चालू प्रोसेसरांवरचा हीटसिंक काढून पाहिला, तेव्हा पेंटियम ४ संथ झाला पण जगला; अ‍ॅथलॉन मात्र जळून गेला. आज मर्यादा आली की बहुतेक सर्व प्रोसेसर वेग कमी करतात, आणि तरीही भागले नाही तर बंद होतात. २०२२ साली आलेल्या रायझन ७००० मालिकेतील बरेच प्रोसेसर तर भरकामात ९५ अंशांपर्यंत जातील असेच धरून बनवलेले होते. म्हणजे ९५ हा आकडा एका प्रोसेसरला नेहमीचा, तर दुसऱ्याला शेवटचा. पण मित्रहो, ही संरक्षणव्यवस्था प्रोसेसरला वाचवते. तुमच्या कामाला वाचवण्याची हमी ती देत नाही. वाढीव वेगात एखादा संकेत वेळेत पोचला नाही तर शून्याच्या जागी एक लिहिला जातो, आणि कॉम्प्युटर ती चूकही शांतपणे साठवून ठेवतो. आमचा प्रोसेसर आजही ठणठणीत आहे.

व्होल्टेजचा आकडा तर आपण पाहतच नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले तेव्हा कंपनीने कारण दिले ते वाढीव व्होल्टेजचे, आणि हमीची मुदत २ वर्षांनी वाढवून दिली. कारखान्याच्या नेमणुकीतही जे घडू शकते ते आपण हौसेने ओढवून घेताना दोनदा विचार करावयास नको काय?

ओव्हरक्लॉकिंग करूच नये असे माझे म्हणणे नाही. ते शिकण्याजोगे आहे. माझे म्हणणे इतकेच, की आधी आठवडाभर मूळ वेगावरच आकड्यांची वही ठेवावी: खोलीचे तापमान, रिकामे असतानाचा आकडा, अर्धा तास भरकाम केल्यानंतरचा आकडा, त्या वेळचा वेग, व्होल्टेज आणि आपल्या प्रोसेसरची कंपनीने सांगितलेली मर्यादा. त्यात मे महिन्याची भर घालून पाहावी. मग वेग वाढवावा, तोही थोडा थोडा, आणि प्रत्येक पायरीवर चाचणी घेऊन. कामाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवल्याशिवाय तर बायोसला हातच लावू नये. पुष्कळदा ती वही लिहिता लिहिता असेही ध्यानात येते, की कॅबिनेटमधली धूळ झाडणे, थर्मल पेस्ट बदलणे किंवा जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे एवढ्यानेच आपले काम भागणार आहे. मित्राच्या कॉम्प्युटरचे दुखणे शेवटी तेच निघाले.

आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षाने दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी एक दिवस ही वही कशी ठेवावी ते दाखवण्यासाठी द्यावा, अशी माझी प्राचार्यांना नम्र विनंती आहे. वर्गात आपल्याला शिकवतात, की कोणतेही वाक्य वाचताना ते कोण म्हणाले, कोणाला म्हणाले आणि कोणत्या प्रसंगी म्हणाले हे विचारावे. तोच प्रश्न मी त्या दिवशी ३८ या आकड्याला विचारला असता, तर आज त्या दोन ओव्या ऐकावयास मिळाल्या असत्या.